घेऊ नये

काकांनी नोएडातल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये बूट काढले आणि सरळ बिछान्यावर आडवे झाले. सेल्समन ‘सर, सर, ये तो डिस्प्ले का है’ म्हणत पुढे धावला. काकांचे पाय पोटऱ्यांपासून पलंगाबाहेर लोंबत होते. ‘डिस्प्ले का ही देख रहा हूँ,’ ते छताकडे बघत म्हणाले, ‘पलंग बच्चे का है. इसीलिये कमरा बडा दिखता है.’ मग उठून बूट घालता घालता माझ्या वडिलांना म्हणाले, ‘आणि खोल्यांना दारंच लावलेली नाहीत, बघा की. दार लावलं तर कपाटाला आपटणार.’ बाबांनी भरायला घेतलेला बुकिंगचा फॉर्म सेल्समनला परत दिला, आणि आम्ही तिघे उन्हातून बसस्टॉपकडे चालू लागलो. येताना सरबत मिळालं होतं, जाताना कुणी पाणीही विचारलं नाही.

ते दिवसच असे होते, की दर रविवारी कुणीतरी कुणाला तरी काहीतरी नवं विकत असायचं. टीव्हीवर चॅनेलं वाढत होती, यमुनेपलीकडच्या शेतांना सेक्टरांचे नंबर पडत होते, आणि दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरांत माणसं चहा पिता पिता ‘पॅकेज’ हा शब्द उच्चारायला शिकत होती. या सगळ्या गडबडीत एक मनुष्य तोंड वाकडं करून उभा होता. आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहायचा, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता, मूळचा कोल्हापूरचा. कॉलनीतली मराठी पोरं त्याला पाठीमागे शक्की काका म्हणायची, समोर नुसतंच काका.

सरोजिनी मार्केटमध्ये त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा होती. शर्ट हातात आला की पहिल्यांदा तो उलटा करायचा, शिवणी बघायच्या, काजं ओढून बघायची, मग बोट ओलं करून रंग घासायचा. दुकानदार लांबूनच म्हणायचे, ‘आ गये इन्स्पेक्टर साहब.’ काकू सांगायच्या, ‘आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना यांनी खाली वाकून माझे पाय बघितले होते. मुलगी तीच आहे ना, म्हणून.’ आम्ही खोखो हसायचो. काका हसायचे नाहीत. ‘मग? बघायला नको?’ एवढंच म्हणायचे, आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

पेपर ते लाल पेन्सिल घेऊन वाचायचे, आणि तेही खेळाचं पान. कारण काकांचा खरा संसार फुटबॉलशी होता. कोल्हापुरात तालमींचे संघ असतात, पेठापेठांतून त्यांच्या सामन्यांवरून भांडणं होतात, त्या मातीत ते वाढले होते. दिल्लीत आल्यावर मंत्रालयाच्या संघासाठी खेळाडू निवडायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं आणि तिथेच राहिलं. तेव्हा चांगल्या खेळाडूला सरकारी खात्यात कारकुनाची कायमची नोकरी मिळायची. तो दिवसा फायली लावायचा आणि संध्याकाळी खात्यातर्फे खेळायचा. त्यामुळे युनिव्हर्सिटीत जरा बरा खेळणाऱ्या प्रत्येक पोराचे आईबाप काकांना ओळखून असायचे. दिवाळीत मिठाईचे डबे यायचे. काका ते दारातूनच परत पाठवायचे, आणि काकू पडद्याआडून त्या डब्यांकडे बघत राहायच्या.

सामन्याला ते अर्धा तास आधी पोचायचे. बरोबर स्वतःचा थर्मास, स्वतःचं प्लास्टिकचं स्टूल. कॉलेजवाल्यांचा चहा नाही, समोसा नाही, मंडपातली खुर्ची नाही. स्टूल गोलपोस्टच्या मागे टाकायचे. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा ते माझी मान धरून वळवायचे. ‘चेंडू बघू नकोस लेका. चेंडूपाशी सगळेच शहाणे दिसतात. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला बघ.’ मी बघायचो, मला काही कळायचं नाही, आणि तेवढ्यात गोल होऊन जायचा.

वयाच्या दाखल्यांवर तर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. पोराला जवळ बोलावून गोड आवाजात घरची चौकशी करायचे. ‘बेटा, घर में कौन कौन है? बहन छोटी है या बडी?’ एका एकोणीस वर्षांच्या विंगरची धाकटी बहीण अशा गप्पांत दोन मुलांची आई निघाली. काकांनी त्याला थर्मासमधला चहा पाजला आणि घरी पाठवलं.

पेपरातली कात्रणं ते फाईलला लावायचे, टॅग घालून, पानांना नंबर देऊन, अगदी सरकारी पद्धतीने. पण लावण्याआधी लाल पेन्सिलीने सगळं कौतुक खोडायचे. ‘जादूगार’ खोडलं, ‘चपळ’ खोडलं, ‘उद्याचा तारा’ खोडलं. मग उरलेलं मोठ्याने वाचायचे. बहुतेक वेळा पोराचं नाव, कॉलेजचं नाव आणि ‘खेळला’ एवढंच उरायचं. त्यांच्या मते दिल्लीतला निम्मा फुटबॉल बातमीदारच खेळत होते.

आणि मग क्लब आला. नोएडात रंगीत टीव्ही जोडणारी एक नवी कंपनी होती, तिच्या मालकाला वाटलं आपला स्वतःचा व्यावसायिक संघ हवा. नोकरी नाही, फाईल नाही, नुसता खेळ, आणि खेळण्याचा पगार. कॉलेज संपवणाऱ्या पोरांची यादी निघणार, त्यातून सामने घेऊन निवड होणार, निवडलेल्यांशी करार. दिल्लीत असं कुणी ऐकलं नव्हतं. क्लबचा मॅनेजर टाय लावून मैदानात यायचा आणि सगळ्या पोरांना ‘प्रॉस्पेक्ट’ म्हणायचा. जुना जाणकार म्हणून त्याने काकांना बोलावलं. काकांनी खात्याची लेखी परवानगी काढली, मानधन नको म्हणून लिहून दिलं, आणि गेले.

मॅनेजर आणि काका यांचं पहिल्याच दिवशी वाजलं. तो म्हणाला, ‘अंकल, ये लडका तो स्टार है.’ काका म्हणाले, ‘हमारा मैच दिन में है.’ क्लबला त्यांचा अहवाल इंग्रजीत जायचा, पण आधी ते स्वतःच्या वहीत मराठीत लिहायचे, आणि तिथे प्रत्येक नावापुढे दोनच शेरे असायचे, ‘घ्यावा’ किंवा ‘घेऊ नये’. दुसऱ्या शेऱ्याची पानंच्या पानं भरलेली होती.

क्लबच्या त्या पहिल्या यादीत माझं नाव होतं.

मी आमच्या कॉलेजचा फॉरवर्ड होतो. बरा नव्हे, चांगला होतो. हे मी आजही म्हणतो. एका हिंदी पेपराने ‘दिल्ली का नया तूफान’ असं माझ्या फोटोखाली छापलं होतं. आईने ते कात्रण आणि पेढे घेऊन मला खाली पाठवलं. काकांनी घरचे म्हणून पेढे घेतले, चष्मा लावला, ‘नया’ खोडलं, ‘तूफान’ खोडलं. ‘दिल्लीचा आहेस एवढं खरं,’ म्हणाले. मी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला पोरगा. मला वाटलं, चेष्टा करतायत.

निवडीच्या सामन्यात मी दोन गोल केले. काका गोलपोस्टच्या मागे स्टुलावर बसले होते, दुसरा गोल त्यांच्या नाकासमोर झाला. आठवड्याने मी क्लबच्या ऑफिसात गेलो तेव्हा मॅनेजरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘यार, सब हाँ बोल रहे थे. अंकल ने मना कर दिया. वो तो तुम्हारे पडोसी हैं ना?’ मी बसमध्ये बसलो ते आठवतं. घरी येऊन खोलीचं दार लावून घेतलं ते आठवतं. मधलं काही आठवत नाही.

काकांनी असं का करावं? रात्रंदिवस मी तेवढाच विचार केला. जळतात, म्हणून? पेढे खाऊन उलटले? शेवटी आईनेच दार वाजवलं. आत येऊन खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, ‘काकांना बोल लावू नकोस. मी सांगितलं त्यांना, नको म्हणून लिहा.’

कारण मला लगेच पटलं, इतकं ते आमच्या जगातलं होतं. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होणार होते. रिटायर झालं की काही महिन्यांत क्वार्टर खाली करायचं. पण तोवर मुलगा सरकारी नोकरीत लागला आणि त्याच घरात राहत असला, तर क्वार्टर त्याच्या नावावर होण्याची वाट होती. आमच्या ब्लॉकमधल्या निम्म्या मुलांची आयुष्यं या एका नियमाने ठरली होती. धाकटी बहीण शाळेत, गावाकडे घर नाही, नोएडातला फ्लॅट त्या आखूड पलंगापाशी राहिलेला. मी क्लबात गेलो असतो तर आम्ही रस्त्यावर आलो असतो. मी आईवर इतक्या जोरात ओरडलो, की खालून काकू वर आल्या.

पुढे मी मुकाट्याने मंत्रालयाच्या निवडीला गेलो. शेजारी म्हणून काका त्या दिवशी कमिटीतून उठून बाहेर गेले. बाकीच्यांनी मला घेतलं. कारकून झालो, क्वार्टर माझ्या नावावर झालं, बहिणीचं लग्न ब्लॉकखालच्या अंगणात झालं. क्लब दोन सीझनमध्ये बंद पडला. निवडलेली पोरं करारांचे कागद घेऊन वर्षभर ऑफिसांचे उंबरे झिजवत होती. लोक म्हणाले, वाचलास. मी म्हणायचो, मी असतो तर क्लब बुडाला नसता.

हे मी फार वर्षं म्हटलं. ऑफिसच्या पिकनिकला म्हटलं, बायकोला लग्नाआधी म्हटलं, मुलाला त्याचे पहिले बूट आणले तेव्हा म्हटलं. प्रमोशन हुकलं, गुडघा दुखला, काहीही झालं की घरात माझं एक वाक्य तयार असायचं, ‘तुमच्या क्वार्टरपायी.’ आई समोर असली तर वाक्य पूर्ण करायची गरज नसायची. ती उठून स्वयंपाकघरात जायची. तिच्याशी मी बोलायचो, औषधं आणायचो, सगळं करायचो, पण माफ केलं नव्हतं.

आणि काकांना मी मनातून लहान केलं होतं. जगाला उलटं करून बघणारा माणूस शेजारणीने डोळे पुसल्यावर विरघळला! मी त्यांना टोमणे मारायचो. ‘काका, दबावाखाली किती शेरे मारले हो एकूण?’ काका थर्मासचं झाकण घट्ट करत बसायचे. ती त्यांची लाज आहे असं मी धरून चाललो.

एरवी चूक कबूल करायला ते घाबरत नव्हते, हे मला माहीत होतं. एका गोलकीपरला त्यांनी ‘घेऊ नये’ लिहिलं होतं. साधा चेंडूही उडी मारून घेतो, फोटोसाठी खेळतो, असं त्यांचं मत. त्याला दुसऱ्या संघाने घेतलं आणि पोरगा वर्षानुवर्षं भिंतीसारखा उभा राहिला. काकांनी त्याचं कात्रण फाईलला लावलं, त्यातला एकही शब्द खोडला नाही, शेजारी ‘माझी चूक’ लिहून सही केली. एवढ्यावर भागलं नाही. एका सामन्यानंतर मला बरोबर घेऊन ते त्याच्याकडे गेले. ‘बेटा, मैंने तुमको मना किया था. मैं गलत था.’ त्या पोराला हे कोण ते माहीतही नव्हतं. तो वाकून पाया पडला. परत येताना काका म्हणाले, ‘लगेच पाया का पडला असेल रे?’

तेव्हापासून मी वाट बघत होतो. कधीतरी काका माझ्यासमोरही असेच उभे राहतील, आणि म्हणतील, तू चांगला होतास, तुझ्या आईसाठी मी खोटं लिहिलं.

काका रिटायर झाल्यावर शेवटी नोएडातच गेले, स्वतः विटा मोजून घेतलेल्या एका सोसायटीत. पुढे बऱ्याच वर्षांनी आमची क्वार्टरं पाडून टॉवर बांधायचं ठरलं, आणि आम्हाला खाली करायची नोटीस आली. बाबा तोवर गेले होते. मी काकांच्या सोसायटीत फ्लॅट बघायला गेलो. ते ऐंशीच्या घरातले, हातात काठी, तरी बरोबर आले. काठीने भिंती वाजवल्या, सगळे नळ सोडून बघितले, दलालाला तीन वेळा घाम फोडला. मग म्हणाले, ‘फ्लॅट चांगला आहे.’ त्यांच्या तोंडून ‘चांगला’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. ‘पण दोनच खोल्या. वहिनी कुठे झोपणार?’

‘आई बहिणीकडे जाईल, नाशिकला,’ मी म्हटलं.

‘तिला जायचंय?’

‘जायचं नाहीये. पण काका, तिला क्वार्टर हवं होतं, ते तिला मिळालं. त्यासाठी मी किंमत मोजली. आता कुठेतरी मलाही माझं बघू द्या.’

काकांनी दलालाला बाहेर जायला सांगितलं. रिकाम्या खोलीत बसायला काही नव्हतं, ते खिडकीच्या कट्ट्याला टेकले.

‘तुझी आई माझ्याकडे आली होती, हे खरं,’ ते म्हणाले. ‘पण नको लिहा म्हणायला नाही. हो लिहा म्हणायला आली होती.’

‘हो लिहा?’ मी म्हटलं.

‘म्हणाली, क्वार्टर गेलं तर जाऊ दे. आम्ही मुनिरकात एक खोली घेऊन राहू. पण पोराला जाऊ द्या. मी म्हटलं, वहिनी, मला तसं वाटत नाही, मी खोटं नाही लिहिणार. खूप वेळ बसली. मग म्हणाली, बरं. पण तुम्हाला तो कमी वाटला, हे त्याला कधी सांगू नका. माझ्या नावावर घाला. मी हो म्हटलं. आयुष्यात तेवढं एक खोटं चालवून घेतलं मी, आणि तू ते इतकी वर्षं माझ्या तोंडावर फेकतोयस.’

यावर मी काय विचारावं? आईचं काही विचारलं असतं तर आज हे लिहिताना मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, ‘काय कमी होतं माझ्यात?’

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते, थकले होते. ‘पाय चांगले होते तुझे. गोलही चांगले होते. पण चेंडू तुझ्याकडून गेला की बाकीची पोरं त्याच्यामागे धावायची. तू जागेवर उभा राहून रेफ्रीकडे बघायचास. दर वेळी. सामनाभर मी तेवढंच मोजलं.’

मी घरी आलो तेव्हा आई मटार सोलत बसली होती. दिल्लीच्या थंडीत दुपारी ती दारातल्या उन्हात पेपर पसरून बसायची. मी चप्पल न काढताच विचारलं, ‘आई, काकांना तू हो लिहा म्हणून सांगितलं होतंस?’

‘बोलले वाटतं,’ ती म्हणाली. ‘इतकी वर्षं गप्प राहिले, आता काय झालं त्यांना?’

‘मग मला खोटं का सांगितलंस? तुला कळत होतं ना, मी तुझ्याशी कसा वागत होतो ते?’

‘कळत होतं की.’ तिने शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. ‘पण तू तीन दिवस जेवला नव्हतास रे. पाणीसुद्धा सांगून सांगून पाजावं लागत होतं. मग माझं नाव सांगितलं, तू माझ्यावर ओरडलास, काय काय बोललास, आणि रात्री चार पोळ्या खाल्ल्यास.’

मी तिच्याशेजारी बसलो. रडू आलं ते लपवलं नाही. तिने डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही, आमच्या घरात तशी पद्धत नाही. मटारचा ढीग थोडा माझ्याकडे सरकवला. ओंजळभर शेंगा सोलून झाल्यावर मी म्हटलं, ‘त्या सोसायटीत तीन खोल्यांचाही एक फ्लॅट आहे. तो घेऊ. एक खोली तुझी.’

आईने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. माझ्यावर तिने का विश्वास ठेवावा, हे मलाही सांगता आलं नसतं.

‘काकांनी बघितलाय का तो?’ तिने विचारलं.

‘उद्या दाखवतो.’

‘त्यांना दाखव,’ आई म्हणाली. ‘मग मी येते.’